थंड पाण्यातले दीर्घायुषी

कॅनडाच्या वायव्य भागात, उत्तर ध्रुववृत्ताला टेकून, ग्रेट बेअर नावाचे सरोवर पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आठ गोवे त्यात सहज मावतील. सर्वांत खोल जागी तळ ४०० मीटरहूनही खाली आहे. संपूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेले हे सर्वांत मोठे सरोवर. एवढ्या अफाट किनाऱ्यावर बारमाही गाव मात्र एकच, देलिने. वस्ती पाच-सहाशेची. बारमाही रस्ता तिथे पोचत नाही. हिवाळ्यात पाणी गोठले की बर्फावरून तात्पुरती वाट आखतात, एरवी विमानाशिवाय गत्यंतर नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस सरोवर गोठते आणि जुलै लागला तरी त्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात.

उरतो तो दीड-दोन महिन्यांचा उन्हाळा. तेवढ्या काळात यलोनाइफ शहरातून विमाने भरून माणसे इथे येतात, ती मासे गरवायला. पोटासाठी मासेमारी करणारी ही मंडळी नव्हेत. भरपूर पैसे मोजून, हजारो किलोमीटर ओलांडून ती येतात आणि हाती लागलेला जवळजवळ प्रत्येक मासा पुन्हा पाण्यात सोडतात. त्यांना ओढून आणतो तो लेक ट्राउट. गरीने पकडलेल्या लेक ट्राउटचा जागतिक विक्रम याच सरोवराच्या नावावर आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये इथे ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोंहून थोडा जास्त वजनाचा मासा गळाला लागला.

एवढे मोठे मासे नेमके इतक्या थंड, इतक्या गरीब पाण्यात का सापडतात? आणि ते सोडून देण्याचा शिरस्ता कुठून आला? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत. ती गोष्ट म्हणजे वेळ.

ठिपक्यांवरून ओळख

लेक ट्राउट हे नाव फसवे आहे. शास्त्रीय वर्गीकरणात हा मासा ‘चार’ (char) नावाच्या गटातला. साल्वेलिनस नामायकुश हे त्याचे शास्त्रीय नाव. खरा ट्राउट आणि चार यांत फरक करण्याची सोपी खूण ठिपक्यांत असते. ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात. चारच्या गडद अंगावर फिकट. लेक ट्राउटची पाठ हिरवट-राखी किंवा तपकिरी आणि तिच्यावर पिवळसर-पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी. शेपटी खोलवर दुभंगलेली. पोटाकडच्या परांची पुढची कड पांढरी असते आणि परांचा रंग काही माशांत केशरी-तांबूस होतो.

ग्रेट बेअरमध्ये एकाच जातीच्या या माशाची अनेक रूपे नांदतात. शास्त्रज्ञांनी उथळ पाण्यातच चार वेगळी रूपे ओळखली आहेत. कुणाचे डोके लांब तर कुणाचे आखूड, कुणाचे पर मोठे, कुणाचा जबडा वेगळ्या घडणीचा. आहाराच्या सवयीही सारख्या नाहीत. काहींचा भर दुसरे मासे खाण्यावर असतो, तर काही कीटक आणि झिंग्यासारख्या बारीक जीवांवर जास्त अवलंबून असतात. हिमयुगातले बर्फ ओसरल्यानंतर हे सरोवर माशांना खुले झाले. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ अगदी थोडा. तेवढ्यात एका जातीने घेतलेली ही वेगवेगळी वळणे जीवशास्त्रज्ञांना मोलाची वाटतात.

इतर मासेही आहेत. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये आर्क्टिक ग्रेलिंग मिळतो. पाठीवर शिडासारखा उंच पर आणि त्यावर निळ्या-जांभळ्या ठिपक्यांच्या रांगा, असा हा देखणा मासा. त्याचा गरीचा विक्रम १९६७ साली याच परिसरातल्या कॅटसेयेडी नदीत नोंदला गेला. वजन तीन किलोंच्याही आत, कारण ग्रेलिंगची जातच लहान. लव्हाळ्यांच्या उथळ खाड्यांत दात विचकून बसलेला नॉर्दर्न पाइक असतो. आणि पुढे ईशान्येला आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या ट्री नदीत आर्क्टिक चार चढतो. त्याचा पावणेपंधरा किलोंचा विक्रम १९८१ चा. पण मैफलीचा मुख्य गायक लेक ट्राउटच.

पृष्ठभागालगतचे महाकाय

दक्षिणेकडच्या सरोवरांत लेक ट्राउट उन्हाळ्यात दिसेनासा होतो. वरचे पाणी तापले की तो खाली, थंड थरात उतरतो. मग त्याला गाठायला वजने आणि खोल जाणाऱ्या तारा लागतात. ग्रेट बेअरमध्ये याची गरज पडत नाही. तिथे भर जुलैत, कमरेइतक्या पाण्यातसुद्धा, हाताच्या लांबीपेक्षा मोठा मासा दगडांवरून सरकताना डोळ्यांनी दिसू शकतो.

याचे कारण पाण्याच्या एका जुन्या स्वभावात आहे. गोडे पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सियसला. दक्षिणेत सूर्य वरचे पाणी त्याच्या पुष्कळ वर तापवतो. हलके झालेले गरम पाणी वर तरंगत राहते, थंड पाणी खाली, आणि दोहोंमध्ये जणू पडदा पडतो. ग्रेट बेअरचा मुख्य भाग इतका खोल आणि उन्हाळा इतका तोकडा की तिथे पृष्ठभागसुद्धा कसाबसा ४ अंशांच्या आसपास पोचतो. त्यामुळे पडदा नीटसा पडतच नाही आणि वरपासून खालपर्यंत पाणी जवळजवळ सारखेच थंड राहते. लेक ट्राउटला थंडावा शोधत खाली जावे लागत नाही. उलट उथळ, निवाऱ्याच्या खाड्यांत पाणी थोडे कोमट होते, तिथे बारीक जीव आणि लहान मासे वाढतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात.

थंड पाण्याचा आणखी एक गुण म्हणजे त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. दमलेल्या माशाला सावरायला हा फरक किती उपयोगी पडतो, ते पुढे येईलच.

हे पाणी श्रीमंत मात्र नाही. ग्रेट बेअरमध्ये पोषक द्रव्ये अत्यंत कमी आहेत. म्हणून शेवाळ कमी, त्यावर जगणारे सूक्ष्म जीव कमी, त्यांना खाणारे मासे कमी. इतके नितळ पाणी देखणे असते, पण नितळपणा हे तिथे अन्न थोडे असल्याचे लक्षण आहे. अशा ठिकाणी तीस किलोंचा मासा तयार व्हायचा तर एकच मार्ग उरतो. त्याने फार वर्षे जगले पाहिजे.

एका किलोला किती वर्षे

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुनखडीचे बारीक खडे असतात. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांच्यावर वर्षाला एक वलय चढते. उन्हाळ्यात वाढ जलद, थर रुंद. हिवाळ्यात वाढ जवळपास थांबलेली, थर अरुंद. खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजली की वय कळते. ग्रेट बेअरच्या लेक ट्राउटमध्ये या मोजणीतून पन्नाशी ओलांडलेले मासे सापडले आहेत.

१९४० च्या दशकात कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी या माशांचा पहिला नीट अभ्यास केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले ते चित्र स्पष्ट होते. इथल्या लेक ट्राउटला वयात यायला बारा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. दक्षिणेत हेच काम साधारण निम्म्या काळात उरकते. शिवाय वयात आलेली मादी दरवर्षी अंडी घालतेच असे नाही. अन्न एवढे तुटपुंजे की एकदा गाभोळी भरून घातली की पुन्हा शरीर सावरायला एखाद-दोन वर्षे जातात. शरद ऋतू सुरू होताच, रात्रीच्या वेळी, खडकाळ उथळ जागी मादी अंडी सोडते. ती घरटे खणत नाही. अंडी दगडांच्या फटींत घरंगळतात आणि सगळा हिवाळा बर्फाखाली काढतात.

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तिशीतली एक मोठी मादी मारली तर तिच्या जागी तशीच मादी उभी राहायला आणखी तीस वर्षे लागतील. त्या तीस वर्षांत तिने घातली असती ती अंडीही गेली. मादी जितकी मोठी, तितकी तिची गाभोळी मोठी. म्हणजे विक्रमाच्या आशेने नेमका जो मासा हवासा वाटतो, तोच सरोवराचा खरा ठेवा असतो.

हा ठेवा किती लवकर संपू शकतो याचे दाखले जवळच आहेत. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांत लेक ट्राउटची भरमसाट मासेमारी झाली. त्यात सी लँप्री नावाचा, माशाला चिकटून रक्त शोषणारा परजीवी समुद्रातून कालव्यांवाटे आत शिरला. १९५० च्या दशकात मिशिगन सरोवरातला मूळचा लेक ट्राउट नाहीसाच झाला. ग्रेट बेअरच्या दक्षिणेला असलेल्या ग्रेट स्लेव्ह सरोवरात १९४५ मध्ये व्यापारी मासेमारी सुरू झाली. तिथल्या पश्चिम भागात काही वर्षांतच लेक ट्राउटची संख्या घसरली. ग्रेट बेअरमध्ये व्यापारी जाळी पसरली नाहीत. दूर असण्याने आणि सावकाश वाढण्याच्या पुराव्याने त्याला वाचवले.

होडी, चमचा आणि वारा

गरवण्याची रीत साधी आहे. पाच-सहा मीटर लांबीची अॅल्युमिनियमची होडी, मागे मोटर, दोन पाहुणे आणि एक गाइड. होडी चालण्याच्या वेगाने किनाऱ्याला समांतर जाते आणि मागे लांब दोरीवर चमचा ओढला जातो. चमचा म्हणजे वाकवलेला धातूचा पत्रा. पाण्यात तो डुलतो, चमकतो आणि जखमी माशाचा भास निर्माण करतो. पिवळ्या पत्र्यावर पाच लाल चौकटी रंगवलेला चमचा कॅनडात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. गाइडचे डोळे पाण्याच्या रंगावर असतात. फिकट हिरवा उथळ भाग जिथे एकदम काळ्या-निळ्यात बुडतो, त्या कडेने तो होडी नेतो, कारण मोठे मासे त्या उतारावर फिरतात.

मासा लागला की लेक ट्राउट उडी मारत नाही. तो खाली जातो, वजन टाकतो, डोके झटकतो. पंधरा किलोंचा मासा वर आणायला वीस-पंचवीस मिनिटेही लागू शकतात.

जुलैच्या सुरुवातीला सरोवराच्या उत्तर टोकाला मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा होडी काढणारे कमी नसतात. पण उजेडाच्या भरवशावर राहणे धोक्याचे असते. इतक्या मोठ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उसळतात, आणि ४ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. गाइडने बेटाआड होडी लावून वारा पडायची वाट पाहायची ठरवली, तर त्यावर वाद घालायचा नसतो. किनाऱ्यावर उतरले की डास आणि चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे असतात. डोक्यावर जाळी ओढल्याशिवाय बसवत नाही.

दुपारी किनाऱ्यावर चूल पेटते. दीड-दोन किलोंचा एखादा मासा गाइड तिथेच साफ करतो, तुकडे पीठ लावून तळतो, बरोबर बटाटे आणि कांदा. जेवणासाठी लहान मासाच घेण्यामागे दोन कारणे आहेत. एक, तो लवकर भरून निघतो. दुसरे आरोग्याचे: उत्तरेच्या सरोवरांत दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या म्हाताऱ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो. मासा जितका मोठा आणि जुना, तितका पारा जास्त.

सोडून देण्याचे शास्त्र

मासा नुसता पाण्यात टाकला म्हणजे तो जगला असे होत नाही. पकडून सोडण्याची ही रीत नीट पाळली तरच तिला अर्थ आहे.

सुरुवात गळापासून होते. गळाच्या टोकाला आतल्या बाजूने असणारा उलटा काटा मासा निसटू नये म्हणून असतो. ग्रेट बेअर ज्या नॉर्थवेस्ट टेरिटोरीज प्रदेशात आहे, तिथे असा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो. पक्कडीने काटा दाबून सपाट केला तरी चालते. त्यामुळे गळ क्षणात सुटतो आणि तोंड फाटत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. धडपडीत माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू संपत येतो. अशा वेळी त्याला हवेत धरणे म्हणजे धावून दमलेल्याचे नाक दाबण्यासारखे आहे. म्हणून दणकट गरी आणि मजबूत दोरी वापरून झुंज लवकर संपवायची, मासा शक्यतो पाण्यातच ठेवायचा आणि फोटोपुरता काही सेकंदच वर घ्यायचा. हात ओले हवेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. कल्ल्यांत बोटे घालून मोठा मासा उभा लटकवला तर त्याच्या स्वतःच्या वजनाने आतले अवयव आणि मणका दुखावतो. त्याला आडवा, दोन्ही हातांवर धरायचा. सोडताना शेपटीजवळ सैल पकडून पाण्यात सरळ ठेवायचा आणि तो आपल्या जोराने निघाला की हात काढायचा. इथे ते प्राणवायूने भरलेले थंड पाणी मदतीला येते.

मग वजनाचे काय? त्यासाठी जुना ठोकताळा आहे. लांबी इंचांत, पोटाचा घेर इंचांत. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचे आणि ८०० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. ४० इंच लांब आणि २५ इंच घेराचा मासा सुमारे ३१ पौंडांचा, म्हणजे १४ किलोंचा. फीत लावायला काही क्षण पुरतात. याच मापांवरून आणि फोटोवरून कारागीर फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती बनवतात. एकेकाळी भिंतीवर खरा मासा पेंढा भरून टांगत, त्याची जागा आता प्रतिकृतीने घेतली आहे. विक्रम नोंदवणाऱ्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशननेही २०११ पासून लांबीवर आधारित विक्रम सुरू केले. त्यात मासा मोजून जिवंत सोडावाच लागतो.

जाळ्यात सापडलेल्या माशाला मात्र कुठलाच विक्रम मिळत नाही. १९६१ साली अथाबास्का सरोवरात १०२ पौंडांचा लेक ट्राउट जाळ्यात आला होता. गरीच्या खेळात त्याची गणना होत नाही, पण ही जात कुठवर वाढू शकते हे त्याने दाखवून दिले.

ज्यांचे घर, त्यांचे म्हणणे

पाहुण्यांना निर्जन वाटणारा हा मुलूख साहतू देने लोकांचे घर आहे. देलिने गाव सरोवरातून बेअर नदी जिथे बाहेर पडते त्या तोंडाजवळ आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिनने १८२५ ते १८२७ या काळात आपल्या मोहिमेचे हिवाळी ठाणे इथेच केले, आणि त्याची माणसे जगली ती मुख्यतः जाळ्यातल्या माशांवर.

देने ज्येष्ठ एक कथा सांगतात. काये दाओये नावाच्या पूर्वजाने बर्फाखाली चार गळ लावले. एक गळ नाहीसा झाला. त्या काळी गळ दुर्मीळ आणि मोलाचा. त्या रात्री तो स्वप्नात, गळ नेणाऱ्या माशाबरोबर, सरोवराच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथे त्याला सरोवराचे धडधडते हृदय जाणवले. त्या हृदयावर सगळ्या पाण्याचे जीवन चालते, अशी श्रद्धा आहे. २००५ साली सरोवराच्या व्यवस्थापनाची जी योजना तयार झाली, तिला या कथेवरूनच नाव दिले गेले. पुढे २०१६ मध्ये युनेस्कोने या परिसराला त्सा तुए जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी देलिनेचे स्वतःचे स्वशासन सुरू झाले.

सरोवराचा कारभार आपल्या हाती राखण्याची ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. १९३० साली गिल्बर्ट लाबाइनला पूर्व किनाऱ्यावर पिचब्लेंड खनिज सापडले. पोर्ट रेडियमच्या खाणीतून आधी रेडियम आणि पुढे अणुबाँब प्रकल्पासाठी युरेनियम गेले. खनिजाची पोती पाठीवरून वाहणाऱ्यांत देने पुरुष होते. १९९८ मध्ये देलिनेचे लोक हिरोशिमाला जाऊन बाँबच्या पीडितांना भेटले. बाहेरून आलेली माणसे इथून काय नेतात आणि मागे काय ठेवतात, हा प्रश्न विचारायला हा समाज मोठी किंमत देऊन शिकला आहे.

त्यामुळे हौशी मासेमारीकडेही अनेक देने ज्येष्ठ वेगळ्या नजरेने पाहतात. मासा स्वतःला अन्न म्हणून देतो. तो घ्यावा, वाटून खावा, त्याचा मान राखावा. खायचा नसताना त्याला ओढून दमवणे म्हणजे त्याच्याशी खेळणे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पकडून सोडलेल्या माशांपैकी काही मरतातच, हे विज्ञानही मान्य करते. दुसरीकडे, सरोवराच्या जिवंत माशांसाठी पैसे मोजणारे पाहुणे काही कुटुंबांना गाइडचे काम देतात, आणि खाण किंवा व्यापारी जाळी यांच्या तुलनेत फार थोडे नेतात.

मला यातून निघणारा मार्ग स्पष्ट दिसतो. या सरोवरात मोठा मासा राखायचा आणि लहान खायचा, किती पाहुणे यावेत आणि कुठल्या खाडीला विश्रांती द्यावी हे देलिनेच्या लोकांनी ठरवायचे, आणि पाहुण्याने मासा सोडण्याची रीत मासा पकडण्याच्या रीतीइतकीच मन लावून शिकायची. एखाद्याला दिवसाकाठी पाच मासे मिळाले तर सहाव्यासाठी गळ टाकू नये, कारण सोडलेला प्रत्येक मासा थोडी जोखीम घेऊनच जातो. पन्नास वर्षांच्या जिवासमोर एवढा संयम फार मोठा नाही, आणि पुढच्या पिढीला इथे मोठा मासा दिसेल की नाही हे त्याच्यावरच ठरणार आहे.